नॉर्थ स्ट्रीटवरचं दहा नंबरचं घर: गिरणी कामगाराच्या घरात चार रात्री

आधी जिन्याचं सांगते. अरुंद आहे, उभा आहे, आणि वळणावर भिंतीला हात लावल्याशिवाय चढता येत नाही. झोपायच्या खोल्या वरच आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर हे घर घेऊ नका. टीव्ही नाही, वायफाय नाही. पहिल्या संध्याकाळी जावई मोबाइल घेऊन खिडकीखिडकीशी उभे राहिले आणि मग त्यांनी तो बॅगेत टाकून दिला. एवढं चालणार असेल तर पुढचं वाचा, कारण बाकी सगळ्यासाठी मी या घराला पैकीच्या पैकी गुण देते.

इंग्लंडच्या डर्बीशर काउंटीत क्रॉमफर्ड नावाचं गाव आहे. डर्बीहून मॅटलॉकला जाणारी छोटी गाडी डरवेंट नदीच्या काठाकाठाने जाते, तिच्यावर क्रॉमफर्डचं स्टेशन लागतं. रिचर्ड आर्कराइटने 1771 साली पाण्याच्या जोरावर सूत काढणारी गिरणी इथे उभी केली. पुढे जगभर ज्या कापड गिरण्या निघाल्या, त्या या गिरणीचा कित्ता गिरवत निघाल्या. गिरणीसाठी माणसं हवीत म्हणून त्याने कामगारांची घरं बांधली, तीच ही नॉर्थ स्ट्रीट. समोरासमोर दोन रांगा, तीन मजली, राखाडी-तपकिरी दगडाच्या. 1776 पर्यंत ती उभी राहिली होती. त्यातलं दहा नंबरचं घर लँडमार्क ट्रस्ट ही संस्था सुट्टीसाठी भाड्याने देते. संस्थेने या रांगेतली घरं 1974 साली वाचवली. चार माणसांची सोय होते. आम्ही तिघं होतो: मी, लेक आणि जावई.

नाव कशावरून पडलं हे वाचून मी थबकलेच. लॉर्ड नॉर्थ हा तेव्हाचा इंग्लंडचा पंतप्रधान. आपण शाळेत 1773 चा रेग्युलेटिंग ॲक्ट घोकला, तो याच्याच कारकिर्दीतला. आणि घरं पुरी होत होती त्या 1776 सालीच इकडे कंपनी सरकार आणि पुण्याचे कारभारी यांच्यात पुरंदरचा तह झाला. सवाई माधवराव तेव्हा दोन वर्षांचे. ही सनावळी मनात एकत्र आली आणि चुलीपाशी बसल्या बसल्या घराचं वय मला कळलं.

मी हेच घर का निवडलं ते सांगायला हवं. माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत थ्रॉसल खात्यात, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर, होते. बाबा त्याला ‘त्रासल’ म्हणायचे. आम्ही चिंचपोकळीच्या चाळीत एका खोलीत सात माणसं वाढलो. रातपाळीहून बाबा आले की त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले असायचे आणि आई ओल्या फडक्याने ते टिपायची. थ्रॉसल हे एका पक्ष्याचं नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. ते यंत्र चालताना त्या पक्ष्यासारखं गुणगुणतं म्हणून तसं नाव पडलं. आणि थ्रॉसल हे आर्कराइटच्या पाण्यावरच्या यंत्राचंच सुधारलेलं रूप. म्हणजे बाबांच्या खात्याचं मूळ या गावात आहे. लेक नॉटिंगहॅमला राहते, तिच्याकडे गेले तेव्हा मी एकच मागणी केली: लंडन नंतर, आधी क्रॉमफर्ड.

स्टेशनवर सांगून ठेवलेली टॅक्सी आलीच नाही. ऑक्टोबरचा शेवट, चार वाजताच उतरतीला लागलेला उजेड, दोन बॅगा. चालत निघालो, आणि आज वाटतं, या गावात चालतच शिरावं. आधी नदीवरचा जुना पूल येतो. त्याच्या कमानी एका बाजूने टोकदार आहेत आणि दुसऱ्या बाजूने गोल, कारण पूल पुढे रुंद केला तेव्हा नव्या काळाच्या पद्धतीने केला. पुलाच्या टोकाशी एका जुन्या प्रार्थनाघराच्या पडक्या भिंती आहेत. मग सेंट मेरी चर्च, जिथे आर्कराइटला पुरलं आहे. मग गिरणी. रस्त्याच्या बाजूने तिच्या खालच्या भिंती जवळजवळ बिनखिडक्यांच्या, किल्ल्यासारख्या. यंत्रांमुळे हातचं काम जाईल म्हणून लोक यंत्रं फोडत होते, आणि 1779 मध्ये लँकशरमधली बर्केकरची त्याची गिरणी जमावाने खरोखरच उद्ध्वस्त केली. तिथून चढ चढून बाजारचौक, 1778 चं ग्रेहाउंड हॉटेल, त्याच्यामागे तलाव, आणि जरा वर नॉर्थ स्ट्रीट.

दार उघडलं की थेट बसायची खोली. मधे ओसरी नाही, पडवी नाही. मूळ घर म्हणजे एका मजल्यावर एक खोली, तिच्यावर एक, तिच्यावर एक. स्वयंपाकाची आणि न्हाणीघराची सोय नंतरची. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात मी पाय वर घेऊन बसू शकले. सामान साधं आणि भक्कम. भांडी पुरेशी, सुऱ्या धारदार (भाड्याच्या घरात हे क्वचितच मिळतं). पुस्तकांचं एक कपाट आहे, त्यात याच भागाच्या इतिहासाची पुस्तकं. शिवाय घराचा इतिहास सांगणारी एक जाड वही टेबलावर ठेवलेली असते. ती आधी वाचा, मग गाव बघा.

पण या घराचा जीव माळ्यावर आहे.

तिसऱ्या मजल्याची खिडकी खालच्या खिडक्यांसारखी नाही. ती लांबट आहे, दगडी पट्ट्यांनी तिचे कप्पे पाडलेले आहेत. एवढी मोठी खिडकी कामगाराच्या घराला कशाला, तर उजेडासाठी. वरची ही खोली झोपण्यासाठी नव्हतीच, ती कामाची जागा होती. बायका आणि मुलं खाली गिरणीत सूत काढायची आणि पुरुष इथे माग चालवायचे. 1771 च्या डिसेंबरात आर्कराइटने डर्बीच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. त्यात घड्याळजी हवेत, लोहार हवा, लाकूड कातणारे हवेत, आसपासच्या विणकरांना काम मिळेल, आणि बायका-मुलांना काम आहे, चांगला पगार आहे, असं होतं. एका घराचं अख्खं मनुष्यबळ एकदम कामाला लावणारी ती जाहिरात. आणि हा माळा म्हणजे तिचाच दगडात बांधलेला अर्धा भाग.

सकाळी सातच्या सुमारास मी तिथे एकटी बसले. समोरच्या रांगेवर उजेड आधी छपराला लागला, मग तसल्याच लांब खिडक्यांना. आपल्या बाजूला तो आला तेव्हा खोलीच्या मध्यापर्यंत पोचला, आणि तिथेच माग असणार हे सांगायला कोणी लागलं नाही. मी हात पुढे धरून पाहिला. ऑक्टोबरच्या त्या फिकट उजेडातही तळहाताच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. ताण्यातली (कापडाच्या उभ्या धाग्यांतली) एक तार तुटली तर दिसायला हवी, एवढाच त्या खिडकीचा हिशेब. दगडी पट्टीची कड एका ठिकाणी गुळगुळीत झिजलेली आहे. कशाने झिजली ते मी सांगणार नाही, पण माझं बोट तिथे बरोबर बसलं.

दुसऱ्या दिवशी गिरणी पाहिली. आवारात नुसतं फिरता येतं, पण पैसे देऊन मार्गदर्शकाबरोबरची फेरी घ्याच. आमच्या मार्गदर्शक बाई सत्तरीच्या पुढच्या, गळ्यात लोकरी मफलर, आणि प्रश्न विचारला की चालता चालता थांबून पूर्ण उत्तर देणाऱ्या. पहिली गिरणी मुळात पाच मजली, वरचे दोन मजले नंतर आगीत गेले. दुसरी तर 1890 साली जळालीच, तिचा पायाच तेवढा दिसतो. कापूस थांबल्यावर इथे वेगवेगळे धंदे आले, शेवटी रंगाचा कारखाना होता. त्या रंगाच्या विषारी अवशेषांनी इमारती माखलेल्या असताना आर्कराइट सोसायटीने 1979 मध्ये ही जागा घेतली आणि वर्षानुवर्षं ती साफ केली. 2001 मध्ये मॅटलॉक बाथपासून डर्बीपर्यंतचा गिरण्यांचा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला.

पाणी इथेच का, हे बाईंनी पाटाच्या काठावर उभं राहून सांगितलं, आणि ते मला सगळ्यात आवडलं. या डोंगरांत शिशाच्या खाणी होत्या. खाणींत साचलेलं पाणी काढून द्यायला डोंगराच्या पोटातून बोगदे खणलेले असत, त्यांना इथे ‘सफ’ म्हणतात. क्रॉमफर्ड सफचं पाणी जमिनीखालून येत असल्याने भर हिवाळ्यातही गोठत नसे. बॉन्सॉलच्या ओढ्याचं पाणी त्याच्या जोडीला. आर्कराइटला बारमाही न गोठणारं पाणी हवं होतं आणि ते इथे आयतं वाहत होतं. खाणींचं काम उतरणीला लागल्यामुळे बायकापोरांच्या हातांनाही काम हवं होतं. पुढे दुसऱ्या एका खोल बोगद्याने हेच पाणी ओढून घेतलं आणि 1840 च्या दशकात इथलं सूत काढणं मंदावलं. खाणीने दिलं, खाणीनेच नेलं.

यंत्राबद्दल मात्र मीच त्यांना थोडं सांगितलं. कापसाची सैल वात रोलरच्या एका जोडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाते. पुढची जोडी मागचीपेक्षा जलद फिरते, म्हणून वात ओढली जाऊन बारीक होते, आणि शेवटी चातीवर तिला पीळ बसतो. बाबांनी हे मला जेवताना पोळीच्या तुकड्यावर दोन बोटांच्या दोन जोड्या ठेवून दाखवलं होतं. 1769 च्या पेटंटमागची युक्ती तीच. दातेरी चाकांचं ते काम घड्याळजीच करू जाणे, म्हणून वॉरिंग्टनचा जॉन के नावाचा घड्याळजी आर्कराइटच्या मदतीला होता. आर्कराइट स्वतः न्हावी, केसांचे टोप बनवणारा, प्रेस्टनच्या शिंप्याचा मुलगा. नॉटिंगहॅमला त्याने आधी घोडे लावून हे यंत्र चालवलं. मोजे-व्यापारी जेडेडाया स्ट्रट आणि सॅम्युअल नीड यांनी पैसा घातला तेव्हा क्रॉमफर्ड उभं राहिलं.

या यंत्राच्या सुताला एवढा पीळ आणि बळ होतं की ते ताण्याला चाले. त्याआधी इंग्लंडात ताणा लिननचा, बाणा तेवढा सुताचा असे. निव्वळ सुती कापड हिंदुस्थानातून जायचं, आणि ते लोकरवाल्यांना आणि रेशीमवाल्यांना इतकं जड गेलं की 1721 च्या कायद्याने सुती छिटाला बंदी घातली होती. 1774 मध्ये स्ट्रट आणि आर्कराइट यांनी खटपट करून इंग्लंडात विणलेल्या निव्वळ सुती कापडाला त्या कायद्यातून सूट मिळवली. मुंबईत 1854 मध्ये कावसजी दावरांनी गिरणी काढली तेव्हा यंत्रं इंग्लंडहून आली. बाबांच्या खात्यातल्या यंत्रांवर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव ओतलेलं होतं. लहानपणी बाबांना डबा द्यायला गेले की फाटकाच्या आतून मी ते वाचायचे.

आर्कराइटची थोरवी सांगताना बाईंनी मुलांचं सांगायचं टाळलं नाही. गिरणी दिवसरात्र चालायची, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. सात वर्षांची मुलं कामाला. सकाळ-संध्याकाळ घंटा व्हायची, सहाला फाटक बंद, आणि ते बंद झालं की त्या दिवसाची मजुरी गेली. कापूस कुठला, असं मी विचारलं. वेस्ट इंडीज, ब्राझील, पूर्व भूमध्य, मग अमेरिका, म्हणजे बराचसा गुलामांच्या हातांनी वेचलेला. त्या एवढं बोलून थांबल्या. लेकीने माझा हात धरला. आम्ही पाटाच्या पाण्याकडे बघत काही वेळ उभ्या राहिलो.

त्या घंटेचं ऐकल्यावर मला भोंगा आठवल्याशिवाय कसा राहील? चाळीत घड्याळ नव्हतं. आईचं कुकर चढवणं, माझं शाळेला निघणं, सगळं भोंग्यावर. संध्याकाळी नॉर्थ स्ट्रीटवर परत येताना मी वेळ लावून पाहिला: गिरणीच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंत माझ्या पायांनी बारा मिनिटं, वाटेत चढ. सात वर्षांच्या पोराला पहाटे, हिवाळ्यात, अंधारात किती लागत असतील.

घरांमागे बागेचे तुकडे आहेत. आर्कराइटच्या काळात तिथे भाजी आणि डुकरं असायची, मालकाने ती सोय मुद्दाम केली होती, म्हणजे कुटुंब टिकून राहील. रस्त्याच्या टोकाला 1832 ची शाळा आहे. सकाळी पावणेनऊला मुलांचा गलका खिडकीखालून जातो, झोपमोड होईल म्हणून कोणी तक्रार करू नये. रांगेतल्या इतर घरांत नेहमीची माणसं राहतात, त्यांच्या दारात सायकली आणि चिखलाचे बूट असतात. शेजारच्या आजोबांनी आम्हाला कचऱ्याचा वार सांगितला आणि बागेतली चार सफरचंदं दिली. मी त्यांना लाडू दिले. इतकं बोलकं शेजारपण मला चाळ सोडल्यापासून मिळालं नव्हतं.

खाण्याचं: गावात चहा-केकची आणि जेवणाची ठिकाणं आहेत, पण ओटा चांगला आहे, घरीच करा. डर्बीशरचे ओटकेक मिळाले तर जरूर आणा. बिस्किटासारखे नसतात, ओट आणि गव्हाच्या पिठाचे आंबवलेले मऊ घावनच ते, जरा जाडसर. पहिल्या सकाळी लोणी लावून, दुसऱ्या सकाळी मी सोबत नेलेल्या लसणाच्या चटणीबरोबर खाल्ले. चटणीबरोबर जास्त लागले.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला तेव्हा कालव्याच्या काठाने हाय पीक जंक्शनपर्यंत चालत गेलो. सपाट वाट, बदकं, 1849 चं लीवूडचं पंपघर. वयस्कर माणसांना झेपेल अशी. ज्यांना रेल्वेची आवड आहे ते डोंगरावर गाड्या दोराने ओढणाऱ्या 1831 च्या रेल्वेत रमतील. मी लवकर परतले, मला माळा हवा होता.

घरात येणाऱ्यांसाठी अभिप्रायाची वही असते. मागची पानं चाळली तर बहुतेकांनी पक्षी, पाऊस आणि जिना यांच्याबद्दल लिहिलेलं. मी मराठीत एक पान लिहिलं. बाबांचं खातं, पाळी, आणि 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तो दिवस. अडीच लाख माणसं त्या संपात होती आणि त्यातली बहुतेक परत गिरणीत गेलीच नाहीत. खाली लेकीने इंग्रजीत चार ओळींत त्याचा अर्थ लिहिला.

या संस्थेचं जे मला मनापासून पटलं ते हे, की त्यांनी मालकाचा वाडा सोडून कामगाराचं घर राखलं, आणि ते काचेमागे ठेवलं नाही. तुम्ही त्यात झोपता, भांडी घासता, जिन्यावर डोकं सांभाळता. आर्कराइटचा विलर्सली कॅसल नदीपलीकडे आहे. आर्कराइट तिथे राहायला जाण्याआधीच तो वाडा जळाला, पुन्हा बांधून होत होता तेव्हा 1792 मध्ये आर्कराइट वारला. मी तो वाडा लांबूनच पाहिला. गिरणगावातली दहा बाय बाराची एक खोली, तिची मोरी, तिचा पोटमाळा, गॅलरीतले पाण्याचे पिंप, एवढं तरी कोणीतरी असंच राखावं, आणि तिथे माणसांना एक रात्र राहू द्यावं, असं मला फार वाटतं. मी पैसे भरून राहीन.

बुकिंगचं: भाडं महिन्याप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतं, हिवाळ्यातले मधले वार स्वस्त पडतात. घर दुपारी चारनंतर मिळतं आणि सकाळी दहाला सोडावं लागतं, त्यामुळे शेवटच्या सकाळी घाई होते, आदल्या रात्रीच आवरून ठेवा. बॅगा हलक्या न्या. चपला घरात घालायला वेगळ्या न्या, दगडी फरशी थंड असते.

मी पुढच्या मार्चच्या तारखा घेतल्या आहेत. या वेळी थोरला भाऊ येतोय. 1980 मध्ये तो साचाखात्यात (मागांच्या खात्यात) बदली कामगार म्हणून लागला होता, दीड वर्षात संप झाला आणि त्याचा माग कायमचा सुटला. फोनवर मी त्याला खिडकीचं सांगितलं. त्याने विचारलं, ‘उजेड कुठल्या बाजूने येतो?’ मी सांगितलं. म्हणाला, ‘मग माझा पलंग तिथेच टाक.’